रेषेबाहेरचा बंदोबस्त

रविवार, ५ एप्रिल १९८७. संध्याकाळ.

आजचा बंदोबस्त उत्तम. जखमी फक्त सहा.

रेफरीच्या पाठीत कोपऱ्यावरचा झेंडा मोडला, काठीसकट. पाहुण्यांच्या गोलकीपरचा दात पडला, पण गवतात सापडला, म्हणजे गेला असं म्हणता येणार नाही. मी सगळा वेळ पांढऱ्या रेषेबाहेर उभा. जिल्ह्याहून साहेबांचं पत्रच तसं आलंय: लीगचा सामना चालू असताना रेषेच्या आत रेफरीचं राज्य. रेफरीने बोलावल्याशिवाय पोलिसाने आत पाऊल टाकायचं नाही, आतल्या खेळाडूला हात लावायचा नाही. शेवटची शिट्टी झाली की मग काय ती अटक करा.

हे पत्र कुणामुळे निघालं यावर आमच्या क्रुशारेवो गावात उगाच चर्चा चालते. गेल्या ऑक्टोबरात मी मारामारी सोडवायला आत धावलो आणि माझा दंडुका लाइनमनला लागला, एवढंच. तो वाकला होता. वाकणाऱ्याचा दोष कुणी बघत नाही.

रेफरी म्हणजे शहरातले दातांचे डॉक्टर बुदिमिर. नाकातून रक्त गळत असताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं. तेवढ्यात क्लबचा अध्यक्ष झिवोता त्यांच्या कानाला लागला. मैदानाला लागून खानावळ आहे ती त्याचीच. माझे कान तिखट, तीस पावलांवरून सगळं ऐकलं. म्हणत होता, डॉक्टर, पोलिसाला आत घेतलं की तुम्हाला रिपोर्टात लिहावं लागणार, लिहिलं की सामना रद्द, मैदान बंद, आणि मैदान बंद झालं तर ही माणसं रविवारी जातील कुठे, तुमच्या दवाखान्यात? डॉक्टरांनी नाकाला रुमाल लावला आणि खेळ पुढे चालू केला.

मी संयम ठेवला. मेंढपाळाच्या घरातून निघून चौकीचा प्रमुख झालो तो काही धावाधाव करून नाही. (चौकीत मी आणि मोमिर, दोघंच. पण प्रमुख तो प्रमुख.)

मंगळवार, ७ एप्रिल. सकाळी ६.

निश्चय: रोज तीन किलोमीटर धावायचं. रेषेबाहेर पकडायचं असेल तर वेग पाहिजे.

६.२०. खानावळीपर्यंत धावलो. चारशे मीटर. नाडी तपासायला आत बसलो. झिवोताने न विचारता राकिया, आमच्याकडची फळांची कडक दारू, ओतली. नाडी चांगली निघाली.

उद्यापासून पुढचा टप्पा.

रविवार, १२ एप्रिल.

आज गुन्हा घडला. माझ्या डोळ्यांसमोर, म्हणजे मी टोपी उचलायला वाकलो होतो तेव्हा.

माझा मेहुणा तिहोमिर, म्हणजे माझी बायको देसान्का हिचा धाकटा भाऊ, आमच्या टीमचा बचावपटू आहे आणि गावचा खाटीक. दोन्ही कामं एकाच हाताने करतो. कुंपणाला टेकून सहकारी संस्थेचे डायरेक्टर ओब्राद त्याला पहिल्यापासून डिवचत होते: तिहा, चेंडू मारायचाय, कापायचा नाही. लोक हसत होते. मीही थोडा हसलो. पस्तिसाव्या मिनिटाला तिहोमिर खेळ सोडून रेषेबाहेर आला, कुंपणावरून एकच ठोसा दिला आणि परत गेला. हाड मोडल्याचा आवाज मला स्पष्ट आला. ओला शेंगदाणा फोडावा तसा.

मी धावलो. खरंच धावलो. तो रेषेच्या आत दोन पावलांवर उभा राहून मोजे वर ओढत होता. म्हणाला, "दाजी, रेषा बघा."

बघितली. माझे बूट बरोबर तिच्यावर होते. मागे घेतले.

शेवटच्या शिट्टीला तो मैदानाच्या पलीकडच्या बाजूने कुणाच्या तरी ट्रॅक्टरवर बसून गेला. ओब्राद साहेबांना उचकटलेल्या दारावर झोपवून नेलं. स्ट्रेचर गेल्या सामन्यात मोडलं होतं.

बुधवार, १५ एप्रिल.

लेखी हुकूम आला. तिहोमिरला पकडून शहरात हजर करा. जबडा दोन ठिकाणी मोडलाय, तारेने बांधलाय, डायरेक्टर नळीने सूप पितात.

साहेब फोनवरही बोलले. शहराच्या ठाण्यात एक जूनपासून सार्जंटची जागा रिकामी होतेय. सरकारी फ्लॅट, तिसरा मजला, नळाला गरम पाणी. जो माणूस हे प्रकरण शांतपणे निपटेल त्याचा विचार होईल. मी विचारलं, साहेब, माझ्याशिवाय इथे आहे कोण? ते म्हणाले, मोमिर आहे ना. साहेबांना विनोदाची सवय आहे.

देसान्का गेली अकरा वर्षं चुलीवर पाणी तापवते. तिला फ्लॅटचं सांगितलं. ती बराच वेळ हात पुसत राहिली. मग म्हणाली, "आण त्याला. पण तिहाच्या केसाला धक्का लागला तर तू चौकीतच झोप. गरम पाण्यासकट."

म्हणजे बायकोचा पाठिंबा आहे.

रविवार, १९ एप्रिल.

ईस्टर. सरकारी कॅलेंडरात साधा रविवार. सामना नाही.

आठवडाभर तिहोमिरला शोधलं. सगळ्या नातेवाइकांकडे विचारलं. सगळं गाव नातेवाईक आहे, त्यामुळे वेळ लागला. आज दुपारी तो सापडला. आमच्या जेवणाच्या टेबलावर. बहिणीकडे सणाला आला होता.

घरात आलेल्या पाहुण्याला बेड्या घालणारा माणूस आमच्या भागात अजून जन्माला यायचाय, आणि मी ड्यूटीवर नव्हतो. राकिया मीच ओतली. मग लाल अंडी लढवली. ज्याचं फुटेल तो हरला. तिहोमिरने माझी नऊच्या नऊ फोडली आणि प्रत्येक वेळी सॉरी दाजी म्हणाला. जाताना त्याने माझा कोट घातला, कारण बाहेर गार होतं.

विश्वास संपादन करतोय.

गुरुवार, २३ एप्रिल.

दुकानात गेलो. हुकूम खिशात, बेड्या पट्ट्याला. आत बायकांची रांग. तिहोमिरच्या हातात सुरा, समोर अर्धं डुक्कर. मी घसा साफ केला. रांगेतल्या म्हाताऱ्या स्तोयान्काबाई म्हणाल्या, राडिसाव, नंबर लाव, टोपी घातली म्हणून मध्ये घुसायचं नाही. लावला.

माझी पाळी आली तेव्हा त्याने सुरा पुसला आणि विचारलं, काय देऊ दाजी. मी परिस्थितीचा अंदाज घेतला.

बरगड्या, एक किलो. चांगल्या निघाल्या.

रविवार, ३ मे.

सलग दुसरा सामना बाहेरगावी. माझी हद्द नाही. आमची बस काचांशिवाय परत आली. ड्रायव्हरच्या डोक्याला पट्टी, तरी तो म्हणत होता की हवा छान लागत होती. तिहोमिरने तिथे दोघांना झोपवलं म्हणे. तिथला पोलीसही रेषेबाहेर उभा होता. म्हणजे माझ्यातच काही कमी आहे असं नाही.

शनिवार, ९ मे. दुपार.

प्लॅन तयार.

उद्या आमच्या मैदानावर शेजारच्या दुबोचाय गावाशी सामना. तिहोमिर लपला असला तरी येणार. दुबोचाय विरुद्ध तो तापात, लग्नात, अगदी आजोबांच्या अंत्यविधीच्या दिवशीही खेळलाय. शेवटची शिट्टी पावणेसहाला. त्या क्षणी तो खेळाडू राहत नाही, गुन्हेगार होतो. मी रेषेवर तयार. पाच पावलं, बेड्या, संपलं. मोमिरला बस थांब्यावर उभं करतो, तिकडून कुणी निसटू नये म्हणून. त्याने विचारलं, साहेब, मैदानावर एकटे पुराल का? मी फक्त हसलो. बिचारा पोरसवदा असताना भरती झाला, अजून शिकतोय.

देसान्काने पडद्यांचं माप विचारलं. तिसऱ्या मजल्याचं. तोंडाने म्हणत नाही, पण तिचं मन गेलंय तिथे.

रविवार, १० मे.

(मैदानावर लिहितोय. टोपीत वही ठेवलीय.)

३.४०. दुबोचायवाले दोन बस आणि चार ट्रॅक्टर भरून आले. तीनशेच्या आसपास. आज जिंकले की ते वरच्या लीगमध्ये जातात. वातावरण खेळीमेळीचं. दोनच जखमी.

४.२५. तिहोमिर खेळतोय. मी त्याच्याकडे स्थिर नजरेने पाहिलं. त्याने हात हलवला.

४.४०. दुबोचायचा गोल. ०-१. त्यांच्या प्रशिक्षकाने आनंदाने आमच्या प्रशिक्षकाला मिठी मारली आणि कान चावला.

५.०५. तिहोमिरने त्यांच्या डाव्या बाजूच्या खेळाडूला आडवं केलं. खांद्याचं हाड कातडीला आतून टोचतंय असं दिसत होतं. डॉक्टरांनी पिवळं कार्ड दाखवलं. लाल दाखवायला हवं होतं, पण लाल दाखवलं तर तिहोमिर बाहेर येणार, आणि बाहेर आला तर काय होईल हे डॉक्टरांना दिसत होतं. दुबोचायवाल्यांनी बाकांच्या फळ्या उपटायला सुरुवात केलीय. खिळ्यांसकट.

५.१५. तरी एकही दुबोचायवाला आत येत नाही. पाठीराखे आत घुसले की त्यांच्या टीमचा सामना गेला, आणि ते जिंकतायत. म्हणून रेषेवर ओळीने उभे, बुटांची टोकं चुन्याला न लावता, फळ्या खांद्यावर. माझ्यापेक्षा जास्त शिस्त. एक जण दुसऱ्याला सांगत होता, शिट्टी होऊ दे, मग खाटकालाच कापू. माझे कान.

५.४५. वेळ संपली. डॉक्टरांनी घड्याळ पाहिलं. फळ्या पाहिल्या. शिट्टी मारली नाही.

५.५२. मी खुणा करतोय. शिट्टी मारा. डॉक्टर दुसरीकडे बघतायत.

६.०५. खेळ चालूच. दोन्ही टीम आता चेंडूमागे चालतायत. ओरडून सांगितलं, डॉक्टर, कायद्याने वेळ झाली. ते धावता धावता म्हणाले, कायद्याने तिहोमिरनंतर मार खायची पाळी माझी आहे.

६.२०. डॉक्टरांनी दोन्ही हात वर करून मला बोलावलं.

(पुढचं १२ तारखेला, हॉस्पिटलमध्ये लिहितोय.)

आत गेलो. ऑक्टोबरनंतर पहिल्यांदा. गवत मऊ होतं. डॉक्टरांनी विचारलं, याला जिवंत बाहेर काढता येईल का. तिहोमिर माझी बाही धरून शेजारी उभा. मी चारी बाजूंनी पाहिलं. तीन रेषांवर दुबोचाय, चौथ्या रेषेमागे आमची माणसं भिंतीवर चढून बघतायत. फोन झिवोताच्या खानावळीत, खानावळीला आतून कडी, झिवोता आत. मोमिर अर्ध्या किलोमीटरवर, माझ्याच हुकमाने. मी म्हटलं, अर्थातच काढता येईल. फक्त अजून दहा मिनिटं खेळवा.

म्हणजे मीच शिट्टी नको म्हणालो. ही डावपेचातली लवचिकता.

तेवढ्यात दुबोचायचा कप्तान आला. पोलीस आत आहे, म्हणजे सामना संपला की नाही, तेवढं सांगा. रेषेवरच्या फळ्या एकदम खाली आल्या. डॉक्टर मला हळूच म्हणाले, "मैदानात जो आहे तो एक तर खेळाडू आहे, नाहीतर सामना संपलाय. बोला पटकन."

आमचे नऊच उरले होते. बारा नंबरची जर्सी बाकावर होती. गणवेशावरच घातली. पोटावर बसली नाही, पण नंबर वाचता येत होता. डॉक्टरांनी माझं नाव पेनने यादीत लिहिलं. दुबोचायवाले हसले. त्यांना काय माहीत माझा प्लॅन.

प्लॅन असा: तिहोमिरला माझ्याच मनगटाला बांधून घ्यायचं. गणवेशवाल्या हाताला बांधलेल्या माणसावर कुणी फळी उचलत नाही. मग शिट्टी, मग दोघं सावकाश बसपर्यंत. साहेब, फ्लॅट, गरम पाणी.

मी अठरा मिनिटं खेळलो. चेंडूला एकदा पाय लागला. तिहोमिर कोपऱ्यात दम खात उभा होता, मागून जाऊन त्याचं मनगट धरलं. त्याने न बघता कोपर मारलं. माझा ओठ फाटला, समोरचा दात हलला. मी बेड्यांनी मारलं. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदाही, मला वाटतं. तो गुडघ्यावर आला, डोळ्यांत रक्त, आणि मी त्याला म्हटलं, "कायद्याच्या नावाने तुला अटक."

डॉक्टर धावत आले. लाल कार्ड माझ्या नाकासमोर.

मी म्हटलं, डॉक्टर, मी अटक करतोय.

"राडिसाव, तुम्ही बारा नंबर आहात. बारा नंबरला कुणाला अटक करता येत नाही."

"मग पोलीस म्हणून करतो."

"पोलीस आत असेल तर सामना संपला. मारू शिट्टी?"

तीनशे माणसं कान देऊन ऐकत होती. तिहोमिर खालून माझ्याकडे बघत होता. नेहमीसारखं हसत नव्हता. त्याच्या तोंडाचा आकार अगदी देसान्कासारखा आहे, हे मला इतक्या वर्षांत दिसलं नव्हतं. म्हणाला, "दाजी, नको."

मी म्हटलं, मारू नका.

बाहेर काढलेल्या खेळाडूने जवळच्या रेषेने मैदान सोडायचं असतं. जवळची रेषा दुबोचायची होती. मी ताठ मानेने चालत गेलो. रेषा ओलांडली तेव्हा त्यांनी आधी वाट दिली, मग मागून बंद केली. मी त्यांना सांगितलं की मी अधिकारी आहे. त्यांनी जर्सी वाचली.

पहिली फळी खांद्यावर. दुसरी बरगड्यांवर, तिला खिळा होता. मग मी खाली बसलो, मुद्दाम, म्हणजे उंची कमी होते. कुणी तरी टोपी काढून घेतली आणि नीट बाजूला ठेवली, मग डोक्यावर मारलं. बाकीच्या दोन्ही रेषा सोडून सगळं दुबोचाय माझ्याकडे धावत आलं. माझ्याभोवती एवढी गर्दी कधीच झाली नव्हती.

त्याच गर्दीतून मला शेवटची शिट्टी ऐकू आली. लांब, तीनदा. आणि पलीकडच्या मोकळ्या बाजूने कुणी तरी जोरात पळत गेल्याचा आवाज. खाटकाचे जड पाय, ओळखीचे. मग डॉक्टरांचे हलके.

म्हणजे त्याला जिवंत बाहेर काढलं ते मीच. असंच म्हणावं लागेल.

बुधवार, १३ मे.

बरगड्या तीन. डोक्याला टाके चौदा. दात डॉक्टर बुदिमिरनी इथे येऊन स्वतः काढला. दुखलं. जाताना म्हणाले, बारा नंबर चांगला चालत गेला हो. माझ्याबद्दलच बोलत असावेत.

देसान्का आली नाही. वाट लांब आहे.

गुरुवार, १४ मे.

देसान्का आली. आधी पलीकडच्या इमारतीत जाऊन आली होती, तिथे ठाण्याची कोठडी आहे. तिहाच्या भुवईला सात टाके आहेत म्हणाली. मी म्हटलं, घाईत फटके मोजता येत नाहीत. तिने माझ्या उशाला सूपचं भांडं ठेवलं. अर्धं होतं.

तिच्याकडून कळलं ते असं. तिहोमिर पळत बस थांब्यावर गेला. बस उभी होती. मोमिर सिगारेट ओढत होता. तिहोमिर त्याला म्हणाला, भाऊ, दुबोचायवाले मागे आहेत, मला शहरात ने, आत टाक, दार लाव. मोमिरने त्याचं तिकीट काढलं. खिडकीची जागा दिली.

रिपोर्टात लिहिलंय: आरोपी शांतपणे ताब्यात घेतला.

मी तिला सांगितलं, प्लॅनमध्ये मोमिरला थांब्यावर मीच उभं केलं होतं, ते साहेबांना कळायला पाहिजे. ती म्हणाली, त्यांना कळलंय. मैदानावर एकच पोलीस का होता, हे ते सगळ्यांना विचारतायत.

पडद्याचं कापड ती दुकानात परत करून आली.

शनिवार, १६ मे.

मोमिर आला. नवीन बूट. मला साहेब म्हणाला, मग अडखळला, कारण एक तारखेपासून त्याला सार्जंट म्हणावं लागणार आहे. मी त्याला म्हटलं, मोमिर, मैदानात पोलीस म्हणजे संयम. तो हो म्हणाला. चांगला मुलगा आहे.

ओब्राद साहेब तक्रार मागे घेतायत अशी बातमी त्याने आणली. जबडा जुळतोय, आणि डुकरं कापायला दुसरा कुणी नाही. तिहोमिर आठवड्यात सुटेल.

मग त्याने एक छापील फॉर्म काढला. जखमी कर्मचाऱ्याचा. सगळे रकाने त्याने भरून आणले होते, सुवाच्य. एकच उरला होता: जखमी होताना काय करत होता.

बिचारा खूप ओशाळला होता. म्हणाला, कर्तव्यावर असं लिहिलं तर साहेब विचारणार, आत जाऊन काय केलं, आरोपी का नाही पकडला, आणि आरोपीला बेड्यांनी का मारलं. खेळताना असं लिहिलं तर ड्यूटीच्या वेळेत पोलीस खेळत होता आणि लाल कार्ड मिळालं, म्हणजे नोकरीच जाते.

तो पेन हातात धरून थांबला. खिडकीबाहेर कुठे तरी मुलं ओरडत होती. बरगडी दुखत असल्याने मोठा श्वास घेता आला नाही.

म्हटलं, लिही, सामना बघताना.